कुंपणापलीकडचा चहा

टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला.

"आता वाजवलास ना, तर हॉर्न उपटून हातात देईन!" संतोष शेडमधूनच ओरडला आणि लगेच विहिरीकडे बघू लागला.

नवमीची दुपार होती. मखमलाबादच्या मळ्यात पहाटेपासून चाललेला झेंडूचा तोडा संपला होता. केशरी-पिवळे क्रेट शेडमध्ये माणसाच्या उंचीएवढे रचून ठेवले होते. दसऱ्याच्या आदल्या दुपारी पंचवटीतल्या फुलबाजारात गिऱ्हाईक तुटून पडतं. जो वेळेवर पोचतो त्याला बसायला जागा मिळते आणि उशिरा पोचणारा रस्त्याच्या कडेला रिक्षांच्या मधोमध उभा राहतो. हे सगळं ठाऊक असूनही क्रेटला कोणी हात लावत नव्हतं. दसऱ्याच्या तोड्यातली पहिली फुलं विहिरीची, ही या घराची रीत होती. कठड्याला तोरण बांधून होईपर्यंत मळ्यातली पाकळीसुद्धा बाजारात जात नसे.

आणि आज तोरणच अडलं होतं.

विहीर दोघा भावांची, संतोषचे वडील गोटीराम आणि काका भिकन यांची. संतोषच्या लेकीच्या, सृष्टीच्या जन्माच्या आधी दोघांचं फाटलं आणि मळ्याच्या मधून तारेचं कुंपण गेलं. ते एका बाजूने विहिरीच्या कठड्याला येऊन भिडायचं आणि दुसऱ्या बाजूने निघून पुढे जायचं. पूर्वी तोरण अख्ख्या विहिरीभोवती एकसंध असायचं. दोन्ही घरच्या बाया दोन टोकांनी ओवत यायच्या आणि दोघी जावा शेवटची गाठ मारायच्या. कुंपण पडल्यापासून दोन अर्धी तोरणं झाली. अर्ध्या विहिरीला यांचं, अर्ध्याला त्यांचं. तारेपाशी दोन्हीकडे वीतभर कठडा उघडा राहायचा.

आज सकाळी ऐन तोड्यात गोटीराम बायांच्या मधे उभे राहून म्हणाले होते, "औंदा तोरण एकच. भिकनला सांगून आलोय मी."

संतोषच्या हातातली फुलांची पाटी तिथेच तिरकी झाली होती.

वडील श्रावणापासून रोज सकाळी कुंपण ओलांडून भिकनकाकाच्या ओट्यावर चहाला जातात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावर कोणी बोलत नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते सविताने. सासऱ्यांनी दोन तारा दोरीने ताणून बांधून वाकण्यापुरती फट केली होती. ती नवऱ्याला म्हणाली होती, "साखरेचा चहा मिळतो तिकडे, म्हणून जात असतील. इथं मी देत नाही ना." संतोषला हसू आलं नव्हतं. या कुंपणाच्या खांबांचे खड्डे त्याने स्वतः खणले होते. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती. वडील म्हणाले, खण, म्हणून त्याने खणले. ज्या चुलतभावाबरोबर तो लहानपणी याच विहिरीत पोहायला शिकला, त्याच्या लग्नाला तो गेला नाही. वडील म्हणाले, जायचं नाही. आणि आता तेच वडील तिकडे ओट्यावर बसून बशीत चहा ओततात. जणू मधे काही घडलंच नाही.

"यांना आठवतच नाही," तो सविताला सकाळपासून सांगत होता. "परवा मला भिकन म्हणून हाक मारली. गेल्या आठवड्यात चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. दसरा झाला की डॉक्टर. तोवर त्यांच्या शब्दावर काही करायचं नाही. आज तोरण म्हणतात, उद्या काकाला विहीर देऊन बसतील."

सविताने मान हलवली होती. तिला मोठ्याने हो म्हणवत नव्हतं आणि नाहीही म्हणवत नव्हतं. तिच्या मनात दुसरीच भीती होती, आणि ती नवऱ्याला सांगण्यासारखी नव्हती. ती सून होऊन आली तेव्हाचे तात्या भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे. आताचे तात्या वरणाचा घास घेऊन म्हणतात, "आज लय चांगलं झालंय गं." हे कधीपासून सुरू झालं, तिला सांगता आलं नसतं. पण सुरू झालं होतं एवढं खरं. डॉक्टरने याला आजार म्हटलं, औषध दिलं आणि जुने तात्या परत आले तर?

"सृष्टी, तू घेतलीस ना परीक्षा त्यांची?" संतोषने लेकीला विचारलं. "सांग आईला काय झालं ते."

सृष्टी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दाभणात दोरा ओवताना तिने मान वर केली नाही. "परीक्षा नव्हती पप्पा. साधे प्रश्न असतात."

"मग साधं उत्तर दे."

"तारीख विचारली. म्हणाले, आज नवमी, इंग्रजी तारीख तुझ्या मोबाइलला विचार. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर माझ्यापेक्षा भराभर खाली उतरले. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते. गुलाब, घोडा, चावी. थोड्या वेळाने विचारलं तर म्हणाले, गुलाब, घोडा, तिसरा तू ठेव तुझ्याजवळ."

सविताला हसू फुटलं. संतोषने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे पास का नापास?"

"असं नसतं ते," सृष्टी म्हणाली. कॉलेजात शिकवलेलं तिला पाठ होतं. वयानुसार काय मंद होतं, काय टिकतं, आजाराची सुरुवात कशी ओळखायची. पण पुस्तकातला म्हातारा माणूस कोणाचाच आजोबा नव्हता. आजोबा विसरले की त्यांनी माफ केलं? हा प्रश्न पुस्तकात कुठेच नव्हता, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसत होत्या.

"त्यांनाच विचार ना," ती म्हणाली.

गोटीराम विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसले होते. मांडीवर आंब्याची पानं होती, ती ते एकसारखी लावत होते. संतोष त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बाया क्रेटमागे पाणी पिण्याच्या निमित्ताने थांबल्या.

"तात्या, भिकनकाकाशी आपलं काय झालं होतं, सांगा बरं."

गोटीरामांनी लेकाकडे जरा कौतुकाने बघितलं. "आता तू बी परीक्षा घेतो का?"

"सांगा ना."

"सांगायचं काय? माझी पाण्याची पाळी होती, यानं आपली मोटर चालू केली. माझी झेंडूची लागण सुकून गेली. मी आलो नि त्याला मारला. इथंच, आता तू उभा हाय ना तिथं. बाया तोडा करत व्हत्या, त्यांच्या देखत मारला. त्याची टोपी विहिरीत पडली."

संतोषला टोपी आठवत नव्हती. मग आठवली. पांढरी टोपी पाण्यावर बराच वेळ तरंगत होती.

"मग तरी जाता तुम्ही?"

"अरे, समदं आठवतं मला. राग तेवढा सापडत नाय." म्हाताऱ्याने पानं मांडीवरून बाजूला ठेवली. "लय शोधला. सकाळी उठतो, खाटेवर बसतो, टोपीपर्यंत समदं आठवून बघतो. म्हणतो, आता राग येईल, मग येईल. नाय येत. मग नुसतं बसून काय करायचं? म्हटलं चहा तरी पिऊन यावा."

क्रेटमागची एक बाई पदराआड हसली.  संतोषला वडिलांवर चिडायचं होतं, मी खणलेल्या खड्ड्यांचं काय म्हणून विचारायचं होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसावंसंही वाटत होतं. 

"पप्पा," सृष्टी हळूच म्हणाली, "विसरलेले नाहीत ते."

"बांधूया एकच," सविता म्हणाली. हे आपणच बोललो याचं तिला नवल वाटलं. "अहो, बाजार चुकतोय. आत्याबाई, दोरा लांब घेऊ ना?"

तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्या सासूकडे, आक्काबाईंकडे गेलं.

त्या शेडच्या सावलीत पोत्यावर बसून ओवत होत्या. सकाळपासून बसल्या होत्या. लेक, सून, नात, सगळे त्यांच्या अंगावरून ये-जा करत बोलत होते, पण कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आताही सविताने विचारलं ते दोऱ्याचं.

"मी नाय बांधणार," आक्काबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे माझी अर्धी विहीर मी बांधीन. गाठ मारायला यायची नाय."

"अगं, आता मी बोलून आलोय ना त्याला," गोटीराम म्हणाले.

"तुम्ही बोलून आला. तुम्ही चहा पिऊन आला. तुमचा राग गेला." त्यांनी दाभण फुलात खुपसून ठेवलं. "मला कोणी विचारलं? माझा राग होताच कुठं? तुमचाच होता, तुम्ही दिला म्हणून मी धरला. बायडा माझी सख्खी बहीण. मीच तिला या घरात जाऊ म्हणून आणली. ती तिकडं धुणं वाळत घालायची, मी इकडं. वाऱ्यानं तिचं लुगडं तारेवर येऊन पडायचं, तर मी काठीनं पलीकडं ढकलायची."

"आई, ते झालं आता—" संतोषने सुरुवात केली.

"तू थांब रे." त्या नवऱ्याकडे वळल्या. बोट कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीकडे केलं. "माझी आई त्या खोलीत गेली. शेवटच्या दिसांत बायडानं तिला आणून ठेवली व्हती. खोकला ऐकू यायचा मला. इथं वांगी तोडताना ऐकू यायचा. मी तुम्हाला विचारलं, जाऊन येते. काय म्हणला तुम्ही?"

गोटीरामांनी त्या खोलीकडे बघितलं.

"काय म्हणला?"

"काय म्हणालो?"

"तारेपल्याड पाय टाकला तर माघारी या घरात यायचं नाय. असं म्हणला तुम्ही. याच जागेवर."

 गोटीराम बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. दिवे गेल्यावर माणूस ओळखीच्या खोलीत हात पुढे करून चालतो, तसे त्यांचे डोळे चालले होते.

"नाय गं," ते म्हणाले. "असं कसं म्हणेन मी?"

सविताच्या लक्षात आलं. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना तात्यांचा आवाज चढायचा, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. आता तो लहान मुलासारखा बारीक झाला होता. सृष्टीचे हात थांबले. मघाशी तिला उत्तर मिळालं असं वाटलं होतं, पण ते अर्धंच होतं. आजोबांनी माफ केलं होतं आणि ते विसरलेही होते. मारलेलं त्यांना आठवत होतं, टोपी आठवत होती. आजीला ज्याने सगळ्यात जास्त लागलं, नेमकं तेवढंच पुसून गेलं होतं.

"खरंच आठवत नाय?" आक्काबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच संतोषला भीती वाटली.

"नाय."

"मला वाटलं, तुम्हाला आठवत असंल." त्या गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या. "आठवत असंल नि लाज वाटत असंल, म्हणून रोज एकटेच जाता, मला चल म्हणत नाय. एवढं तरी असंल असं वाटत व्हतं मला."

त्या उठल्या. लुगड्यावरच्या पाकळ्या झटकल्या आणि कुंपणाकडे चालू लागल्या. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून होता, पण दाबायचं धाडस त्याचं झालं नाही.

"आई, कुठं?"

"तोरण कोणी बांधायचं नाय. मी येईस्तोवर फूल हलवायचं नाय."

गोटीरामांनी केलेली फट त्यांच्या सडसडीत अंगाच्या मापाची होती. आक्काबाईंचे गुडघे वाकत नव्हते. त्या तारेपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. संतोष धावत आला आणि वरची तार उचलून धरू लागला.

"तुझेच हात ना हे खड्डे खणायला?" त्या म्हणाल्या. "आता उचलून धर म्हणजे झालं."

संतोषने तार सोडली. शेडमध्ये जाऊन पक्कड आणली आणि खालपासून वरपर्यंत एकेक तार तोडली. प्रत्येक तार तुटताना टण्‌ असा आवाज करून दोन्हीकडे गुंडाळत गेली. आक्काबाई मधून सरळ चालत गेल्या.

पलीकडच्या ओट्यावर बायडाबाई आपलं अर्धं तोरण ओवत बसली होती. भिकन आतून बाहेर आला, भावजयीला बघून डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. "वहिनी, या—" एवढं म्हणून तो पुन्हा आत गेला. त्याला आत काहीच काम नव्हतं.

"आक्का?" बायडाबाई म्हणाली.

आक्काबाई ओट्याच्या खालीच उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही तोंडी आलं नाही. "आई शेवटी काय म्हणत व्हती?"

"इतक्या वर्षांनी आलीस, बस तरी. पाणी—"

"काय म्हणत व्हती, बायडे?"

बायडाबाईने तोरण बाजूला ठेवलं. "तुला विचारत व्हती. दुसरं काय विचारणार? डोकं नीट चालत नव्हतं तिचं. सकाळी विचारायची, दुपारी विचारायची. आक्का आली का?"

"मग?"

"मी सांगायची, आत्ताच येऊन गेली. तू झोपली व्हतीस."

"खोटं सांगितलंस तू?"

"मग काय खरं सांगू?" बायडाबाई एकदम ओरडली. "सांगू, की ती तारेपल्याड वांगी तोडतेय? तुझा खोकला ऐकतेय नि येत नाय? रोज सांगायची मी. ती रोज मानायची. नंतर नंतर तर मला सांगावं बी लागंना. तीच मला सांगायची, आज आक्का आली व्हती, तिनं माझे केस विंचरले. विंचरायची मी. नाव तुझं व्हायचं!"

आक्काबाई मटकन ओट्यावर बसल्या. आई गेली ती आपली वाट बघत, याच एका गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. आणि आई तर भेटून गेली होती. जी वेळ कधी आलीच नाही, ती तिच्या थकलेल्या डोक्याने तिच्यापुरती घडवून आणली होती.

"कशी विंचरत व्हते मी?" त्यांनी विचारलं.

"हळू," बायडाबाई रुसल्यासारखी म्हणाली. "म्हणायची, तुझ्यापरीस आक्काचा हात हळू हाय."

दोघी रडल्या की भांडल्या, ते अलीकडून नीट कळलं नाही. बराच वेळ दोन्ही आवाज चढलेले ऐकू येत होते. मधेच एकदा हसणंही आलं. संतोष पक्कड हातात धरून येरझाऱ्या घालत होता. सविताने टेम्पोवाल्याला चहा दिला, आणि तो गरम नाही म्हणून त्याची बोलणी खाल्ली. गोटीराम कठड्यावरून हलले नव्हते. सारखे सृष्टीला विचारत होते, "मी काय म्हणालो होतो गं तिला?" सृष्टी सांगायची. ते मान हलवायचे, ओठ हलवून तेच पुन्हा म्हणून बघायचे. पाढा चुकणारं मूल पाटीवर बोट ठेवून घोकतं, तसे.

दोघी बहिणी आल्या त्या तोडलेल्या तारांच्या मधून. बायडाबाईच्या खांद्यावर तिचं अर्धं तोरण होतं. मागे थोडं अंतर ठेवून भिकन होता.

आक्काबाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "काय सांगितलं मी मघाशी?"

"तुझी आई तिथं गेली," गोटीराम म्हणाले, एकेक शब्द जपून. "तुला जायचं व्हतं. मी जाऊ दिलं नाय."

"आठवलं?"

"नाय." त्यांनी नातीकडे बघितलं. "हिनं सांगितलं."

"उद्या ध्यानात राहील?"

म्हाताऱ्याने खरं उत्तर शोधायला वेळ घेतला. "सांगता येत नाय."

"मग मी सांगीन. रोज सकाळी. चहाच्या आधी."

"सांग."

"तुम्ही म्हणणार, असं कसं म्हणेन मी. तरी सांगीन."

"सांग गं. मला आता राग येत नाय."

"तुम्हाला नाय येत," आक्काबाई म्हणाल्या. "मला येतो."

त्यांनी नवऱ्याच्या बाजूला ठेवलेली आंब्याची पानं उचलली आणि बायडाबाईच्या ओंजळीत दिली. सविता आणि सृष्टीने दोन्ही अर्धी तोरणं कठड्यावर चढवून एकीकडची टोकं जोडली, आणि दुसरीकडे तारेपाशी वीतभर उघड्या राहिलेल्या कठड्यावर दोघी बहिणी वाकल्या. दोन दोरे ओले होते, गाठ सुटून सुटून येत होती. बायडाबाई म्हणाली, "सैल मारतेस तू, आधीपासून." आक्काबाई म्हणाल्या, "मग तू मार." कोणीच हात काढला नाही.

गाठ बसली. संतोषने पहिला क्रेट खांद्यावर घेतला. टेम्पोवाल्याने आता कोणाला न विचारता हॉर्न वाजवला.